शनिवारच्या स्टेकहाउस भोजनाबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपले या महिन्याचे एकत्र भोजन येत्या शनिवारी दुपारी १२.३० वाजता, मागील बैठकीत ठरल्याप्रमाणे जुन्या धाटणीच्या स्टेकहाउस-कॉफी शॉपमध्ये होईल. दुपारचे मेन्यूकार्ड वेगळे असते आणि त्यातील स्टेकचे (मांसाच्या जाड कापांचे) तुकडे रात्रीच्या मानाने लहान असल्याने किंमतही कमी असते. म्हणूनच ही वेळ निवडली आहे.

१. येणाऱ्यांनी गुरुवार संध्याकाळपर्यंत नाव नोंदवावे. बाकांच्या जागा मोजक्याच असल्याने उशिरा कळविणाऱ्यांना काउंटरपाशी बसावे लागेल (काहींना तीच जागा अधिक आवडते, हा भाग वेगळा).

२. स्टेक किती शिजवलेला हवा, हे ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगावे. मिडियम रेअर (आतून कमी शिजलेला) म्हणजे आतील तापमान सुमारे ५५ अंश सेल्सिअस, मिडियम (मध्यम शिजलेला) सुमारे ६०, तर वेल डन (पूर्ण शिजलेला) ७० किंवा त्याहून अधिक. कमी शिजलेला स्टेक पुन्हा तव्यावर ठेवता येतो, जास्त शिजलेल्यावर उपाय नाही. त्यामुळे शंका असल्यास कमी शिजवलेला पर्याय सांगावा. खिम्याचा स्टेक मात्र पूर्ण शिजवलेलाच घ्यावा, कारण मांस दळताना पृष्ठभागावरील जिवाणू आतपर्यंत मिसळतात आणि ते नष्ट होण्यासाठी ७१ अंश तापमान लागते.

३. मांसाहार न करणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच तसे कळवावे.

बिल प्रत्येकाने आपापले द्यावे. कॉफी जेवणानंतर त्याच टेबलावर घेऊ.