आई-बाबांना, सांगलीच्या विश्रामबागहून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर आईचा आवाज ऐकला की घसा दाटतो, म्हणून लिहितोय. मी गांजा सोडलाय. आज २१ वा दिवस. आई, माझ्या जर्किनमधली पुडी तुझ्या हाती लागली होती आणि तू ती मुकाट्याने परत ठेवलीस, ते मी पाहिलं होतं.

चैन म्हणून ओढत नव्हतो, एवढं खरं माना. २०१९ च्या त्या महापुरानंतर डोळा लागला की गोठ्यातलं दावं हातात यायचं. भिजून फुगलेली गाठ, नखं तुटली तरी न सुटणारी. ओढलं की स्वप्नं पडायची नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, सोडला की ती उसळून येते. तसंच झालं. पहिला आठवडा घामाने चादर भिजायची, जेवण जात नव्हतं, कुणी हाक मारली तरी खेकसायचो. आता भूक लागते. स्वप्नं अजून काही आठवडे पडतील. बाबा, हे वेड नव्हे. पीटीएसडी म्हणतात याला, मोठ्या धक्क्यानंतर मनाला जडणारा आजार. त्याचे उपचार वेगळे, ते दर गुरुवारी चालू आहेत.

म्हणून यंदा पावसाळ्यात भिलवडीला मुक्कामाला येणार नाही. तुमच्यावर राग नाही, देवाशपथ नाही. पण नदी चढली की मला तलफ येते, आणि गावात ते कुणाकडे मिळतं हे मला ठाऊक आहे. इथे ठाऊक नाही. गौरी जेवायच्या दिवशी येईन, संध्याकाळच्या गाडीने परतेन.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, हवेशीर आहे. खाणावळीतल्या मावशी गरम भाकरी वाढतात, तुझ्यासारखी पातळ नाही, पण पोटभर.

बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदीचं पाणी ४० फूट झालं की जनावरं हलवायची, ४५ ची वाट बघायची नाही. आणि दाव्यांना गाठी नकोत, लोखंडी आकडे लावा. पैसे पाठवलेत, याच आठवड्यात लावा.

आई, मी झोपेत दचकायचो तेव्हा तू उशीखाली अडकित्ता ठेवायचीस. तो अजून आहे का गं? बाबा सांगलीला आले की त्यांच्याकडे दे.

तुमचा,
बाळू