धुराड्याच्या कामाला गवंडी ठरवण्याआधी

पुणे, ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पाचगणीच्या घरात फायरप्लेसशेजारच्या भिंतीवर पुन्हा ओल आली आहे, आणि गवंड्याने सिमेंटचा गिलावा करून वरून वॉटरप्रूफ रंग मारू असं सांगितलंय, हे फोनवर कळलं. त्याला अजून होकार देऊ नका. ओल दिसते दिवाणखान्यात, पण पाणी शिरतंय छपराच्या वर, धुराड्यात. आतून भिंत बंद केली तर तेच पाणी दोन हात बाजूला फुटेल. जो गवंडी शिडी लावून वर न जाता दर सांगतो, त्याला हे काम द्यायचं नाही.

धुराड्यात पाणी चार वाटांनी येतं: उघडं तोंड, माथ्याची लादी (धुराड्याचा माथा झाकणारा ओतीव थर), विटांच्या दर्जा (दोन विटांमधल्या फटी) आणि कौलांशी होणारा सांधा. काम वरून खाली याच क्रमाने व्हायला हवं.

तोंडावर टोपी हवी, चारी बाजूंनी जाळीची, म्हणजे पाऊस आणि साळुंक्यांची घरटी दोन्ही थांबतील. माथ्याची लादी कडेला किमान दोन इंच जाड, विटांच्या बाहेर दोन इंच आलेली आणि बाहेरच्या अंगाला उतार असलेली असावी. बाहेर आलेल्या भागाच्या खालून बोटाएवढी खाच लागते, म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं, विटांवरून ओघळत नाही. ही खाच बहुतेक जण विसरतात. लादी ओतण्याआधीच ती सांगून ठेवा, नंतर नीट कोरता येत नाही.

कौलांशी होणाऱ्या सांध्यावर पत्रा दोन भागांत लागतो. एक पत्रा छपराचा: धुराड्याच्या वरच्या अंगाला तो कौलांखाली जातो, खालच्या अंगाला कौलांवर येतो आणि धुराड्यालगत सहा इंच वर वळतो. दुसरा पत्रा विटांच्या दर्जेत इंचभर खोवून पहिल्यावर झाकण म्हणून उतरतो. हे दोन पत्रे एकमेकांना जोडायचे नाहीत. छप्पर लाकडी आहे, ओलाव्याने ते फुगतं आणि उन्हात आकसतं. धुराडं मात्र जागचं हलत नाही. म्हणून तिथे सिमेंट किंवा एमसील थापलं की वर्षभरात चीर पडते आणि पाणी थेट वाशांवर जातं. धुराडं अडीच फुटांहून रुंद असेल तर उताराच्या वरच्या बाजूला पत्र्याची छोटी दुपाखी (दोन्ही बाजूंना उतार असलेलं छप्पर) करायला सांगा. नाहीतर तिथे पालापाचोळा अडकून पाणी तुंबतं.

आता दर्जा. खरी फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपलं घर चुन्यात बांधलेलं आहे. खात्री करायची असेल तर खिळ्याने दर्जा खरवडा. चुना पांढऱ्या भुकटीसारखा सुटतो, सिमेंटवर नुसता ओरखडा उठतो. जुनी वीट आणि जांभा पाणी पितात आणि ते परत सोडतात, बरंचसं दर्जांमधूनच. दर्जा सिमेंटने भरल्या की ही वाट बंद होते. मग पाणी विटेच्या तोंडातून सुकतं, त्यातले क्षार पापुद्र्याखाली साठतात आणि वीट सोलत जाते. थंड देशांत तर अडकलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि विटेचं तोंडच उडवतं. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं, पण आपल्या भिंतींना खरा त्रास पावसाचा. महाबळेश्वरात तो वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. पाचगणीत त्याहून बराच कमी, तरी वाऱ्यामुळे आडवा येतो आणि नैर्ऋत्येचं अंग सडकून काढतो.

दर्जा छिन्नी-हातोडीने उकरायच्या, ग्राइंडर लावू द्यायचा नाही. त्याने विटांच्या कडा जातात. खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, साधारण एक इंच. मग ब्रशने धूळ काढून पाणी मारायचं. विटा आतून ओल्या हव्यात, पण अंगावर पाणी ठिबकायला नको. कोरड्या विटेत भरलेला चुना पाणी गमावून भुगा होतो. माल असा: एक घमेलं भिजवलेला चुना, एक घमेलं सुर्खी (विटांची भुकटी), दोन घमेली चाळलेली वाळू. चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरलेला असावा. जुन्या उघड्या पिशवीतला नको. चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर तो हवेने मेलेला आहे, त्याला पकड राहत नाही. कळीचा चुना घरी विझवायचा असेल तर आई, तू त्या पिंपाजवळ थांबू नकोस. तो उकळतो, डोळ्यात गेला तर भयंकर.

भरल्यावर ओली पोती गुंडाळून सात ते दहा दिवस दिवसातून तीन-चारदा पाणी. त्यानंतर महिनाभर विस्तव नाही आणि पहिले काही जाळ अगदी लहान. चुना सावकाश घट्ट होतो, म्हणून सगळं काम एप्रिलच्या आत उरकायला हवं. दसरा-दिवाळीनंतर लगेच सुरू केलेलं उत्तम.

चुलाण्याच्या आतल्या विटा हलल्या असतील तर तिथे मात्र साधा चुनाही नको आणि सिमेंटही नको. फायर ब्रिक आणि फायर क्ले, म्हणजे जाळ सोसणारी वीट आणि मातीच लागते. दुपारी चुलाण्यात आरसा तिरका धरून वर बघा. आकाशाचा चौकोन स्वच्छ दिसला पाहिजे. काजळीचा थर तीन मिलिमीटरच्या वर असेल तर आधी साफसफाई. डांबरासारखा चकाकणारा थर ओल्या लाकडाने येतो आणि तो पेट घेऊ शकतो. धुराची वाट तुंबलेली असताना बंद खोलीत जाळ केला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि माणूस झोपेतच जातो. त्याचा अलार्म मी पाठवते आहे. तो झोपायच्या खोलीबाहेर लावा, आणि काम होईपर्यंत फायरप्लेस पेटवू नका.

दर लेखी घ्या, तोही चौरस फुटावर. छपरावरचा भाग तीन फूट बाय अडीच फूट आणि पाच फूट उंच धरला तर घेर अकरा फूट, म्हणजे दर्जांचं काम पंचावन्न चौरस फूट. कुणी दीडशे चौरस फूट म्हणाला तर फुटपट्टी त्याच्याच हातात द्या. कागदावर उकरायची खोली, मालाचं प्रमाण, परांची कुणाची, राडारोडा कोण उचलणार, फुटलेली कौलं कोण भरून देणार हे सगळं यावं. काम देताना दोन पावसाळे काढलेलं त्याचं चुन्याचं काम बघून या, नुसते फोटो नकोत. आणि सुरुवातीला हातभर जागेवर नमुना करून घ्या, तो सुकल्यावर रंग आणि पोत पसंत पडला तरच पुढे.

उचल पाचव्या हिश्श्याहून जास्त देऊ नका. लादी आणि दर्जा झाल्यावर दुसरा हप्ता, पत्रा झाल्यावर तिसरा. शेवटचा पाचवा हिस्सा धुराड्याच्या बुडाशी अर्धा तास पाइपने पाणी मारून आत माळ्यावर कोरडं दिसल्यावरच. ते बघायला माणूस चढवा. बाबा, तुम्ही छपरावर चढायचं नाही, मंगलोरी कौल पायाखाली दगा देतं.

दराचा कागद आला की सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा. मी वाचून फोन करते.

तुमची,
लेक