संत्र्याच्या रसावर चार पब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या गावात पायी फिरून पब दाखवतात, त्यावर लेख आला होता. त्यावर एका वाचकाने लिहिलं की, बेवड्यांची वारी छापायला जागा आहे, कापसाच्या भावाला नाही. भावाबद्दल मी त्यांच्या बाजूने. माझ्याही वावरात पऱ्हाटीच असते. पण वारीबद्दल मला दोन शब्द बोलू द्या, कारण तसलीच एक मी केली आहे. मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा जुना सेवक. जिल्हा वर्धा, म्हणजे दारूबंदीचा. आजवर थेंब घेतला नाही.

मुलगी इंग्लंडात मिडल्सब्रोला नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे होतो. तिला दोन दिवस सुट्टी मिळाली तेव्हा ती मला आणि नातीला व्हिटबीला घेऊन गेली. बसचं तिकीट माणशी तीन पौंड, कितीही लांब जा. कंडक्टर नाही, ड्रायव्हरच पैसे घेतो. मला ते काही पटलं नाही, पण तो विषय वेगळा.

व्हिटबी म्हणजे एस्क नदी समुद्राला मिळते तिथलं गाव. मधोमध एक पूल, बोट आली की बाजूला फिरतो आणि दोन्हीकडची माणसं मुकाट थांबतात. मुलीने संध्याकाळच्या फेरीसाठी आमची नावं आधीच देऊन ठेवली होती. कुठे जायचं ते मला पुलाजवळ पोचल्यावर कळलं. मी म्हटलं, ‘बाई, मंडळात कळलं तर?’ ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही ज्यूस प्या.’

आम्ही अकरा जण. मी सवयीने मोजले. दाखवणारा सत्तरीचा, पूर्वी मासेमारीच्या बोटीवर असलेला. तीन तासांत चार पब. त्यातला पिण्याचा वेळ फार तर एक तास, बाकी सगळं त्याचं बोलणं. कॅप्टन कुक हा प्रसिद्ध दर्यावर्दी 1746 मध्ये पोरगेला असताना याच गावात एका जहाजमालकाकडे काम शिकायला उमेदवारीला राहिला. पुढे ज्या ‘एन्डेव्हर’वरून तो जगभर फिरला ते जहाजही इथेच बांधलेलं, मुळात कोळसा वाहायचं. मुलगी अर्थ सांगत होती, पण निम्मं मला त्याच्या हातवाऱ्यांवरूनच कळत होतं.

दारावरच्या पाट्यांवर चित्रं का असतात, तेही त्याने सांगितलं. लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून घोड्याचं चित्र काढलं की झाला तो घोड्याचा पब. 1393 मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने तर लंडनच्या दारूवाल्यांना पाटी टांगायची सक्तीच केली, तपासायला येणाऱ्याला दुकान सापडावं म्हणून. मला यवतमाळकडची बहीण आठवली. तिच्या गावात दारू दुकानाचं मतदान झालं तेव्हा चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं होती. तिने आणि तिच्या जावांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. चित्राची युक्ती तीच. त्यांची दुकान उघडायला, आपली बंद करायला.

चर्च स्ट्रीट म्हणून दगडी फरशीची अरुंद गल्ली आहे. तिथल्या ‘ब्लॅक हॉर्स’मध्ये चक्क तपकीर विकायला होती. माझे आजोबा ओढायचे, त्यांच्यानंतर डबी पाहिली ती थेट इथे. गल्लीच्या शेवटी ‘ड्यूक ऑफ यॉर्क’, आणि त्याला लागून टेकडीवरच्या चर्चकडे जाणाऱ्या 199 पायऱ्या. मी मोजल्या तर 197 भरल्या. तिकिटाच्या हिशेबात कधी दोन रुपये चुकले नाहीत, इथे चुकलो. मधेमधे बाकं आहेत. पूर्वी शवपेटी खांद्यावरून वर नेत, तेव्हा खांदेकरी दम खायला तिथे पेटी टेकवत. म्हणजे आपला विसावाच. आमच्या गावात नाल्याच्या अलीकडे तिरडी टेकवायचा दगड आहे, तो डोळ्यांसमोर आला. नातीला त्याचं काही सांगितलं नाही, ती आइस्क्रीम खात होती.

आता ज्यासाठी पत्र लिहितो आहे ते. दुसऱ्या पबात कोपऱ्यात एक म्हातारा येऊन बसला. तो आत आला तेव्हा काउंटरवरच्या बाईने न विचारता त्याच्यापुढे अर्धा पाइंट ठेवला. अर्धा पाइंट म्हणजे 284 मिली, आपल्या दोन-तीन कप चहाएवढा. त्याने पेपर उघडला, शब्दकोडं काढलं, चष्मा पुसला. एक शब्द अडला तो त्याने शेजारच्या टेबलवरच्या पोरांना विचारला. पोरांनाही येईना, मग तिघं मिळून डोकं खाजवत बसले. टेबलाखाली कुणाचं तरी कुत्रं झोपलेलं. आम्ही निघालो तेव्हा त्याचा ग्लास अर्धा भरलेला होता आणि त्याला कुणी ‘उठा’ म्हटलं नव्हतं. मुलगी म्हणाली, पब म्हणजे पब्लिक हाऊस. सार्वजनिक घर.

माझ्या गावात संध्याकाळी सातनंतर असं घर कोणतं? पानठेला आठला बंद होतो. पारावर पोट्टे मोबाइल घेऊन बसतात, तिथे माझं गमत नाही. वाचनालयाची खोली आहे, पण पाच वाजता कुलूप लागतं. ज्याला प्यायची त्याला कालव्यापलीकडची वाट ठाऊक आहे, बंदी असो नसो. तिथे दहा-बारा जण जमतात, हसतात, एकमेकांची सुखदुःखं विचारतात. न पिणारा घरी टीव्हीपुढे. म्हणजे आमच्याकडे पिणाऱ्याला बसायला जागा आहे, न पिणाऱ्याला नाही. माझ्यासोबतचा एक ड्रायव्हर निवृत्तीनंतर तिकडे जाऊ लागला. मी विचारलं तर म्हणाला, ‘दारूसाठी नाही जात भाऊ, माणसं भेटते.’ दारूही सुटली नाही त्याची, हे खरं आहे. म्हणूनच बंदी उठवा असं मी म्हणत नाही, आणि कुणी उठवायला निघालं तर मंडळाच्या मोर्चात मी पुढे असेन.

मी परत आलो तेव्हा पानठेल्यावर एकाने विचारलंच, ‘काहो काका, पबात गेलते म्हणे?’ म्हटलं, गेलतो. चार पब, चार ग्लास संत्र्याचा रस, तोही बाटलीतला. संत्र्याच्या मुलखातल्या माणसाने त्याला किती पैसे मोजले ते विचारू नका.

ग्रामपंचायतीकडे मी अर्ज दिला आहे. वाचनालयाची खोली रात्री साडेनऊपर्यंत उघडी ठेवा. दोन बाकं, एक दिवा, आपला पेपर आणि चहा. चहापत्ती-साखरेचा खर्च माझा. वारीवर रागावलेल्या त्या वाचकांनीही यावं, कापसाच्या भावावर बोलू.

शेवटच्या पबात पितळी घंटा होती. एकदा वाजली म्हणजे शेवटचं काय ते मागून घ्या, दोनदा वाजली म्हणजे उठा. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. साडेनऊला ती मी मारीन.

आपला,
एक निवृत्त वाहक
ता. आर्वी, जि. वर्धा