खुरांच्या दुखण्यावर अंदाजाने सुया नकोत

महोदय,

पावसाळा लागला की खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या गोठ्यांत जनावरे लंगडू लागतात. खुरांच्या बेचक्यात सूज, मग चीर आणि तो कुजका वास. लगेच दुकानातून ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची बाटली येते, अंदाजाने सुई टोचली जाते आणि जनावराने पाय टेकला की उरलेली बाटली कोनाड्यात जाते, पुढच्या वेळेसाठी. हे थांबलेच पाहिजे.

अर्धवट मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. खूर कुजवणारा फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू शेणातून, चिखलातून पसरतो. म्हणजे एकाच्या गोठ्यातला चिवट जंतू पाणवठ्यावर सगळ्यांचा होतो. लाळ्या-खुरकूत तर विषाणूचा रोग. त्या विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही, तिथे वेळेवर लसच हवी. शिवाय औषधाचा अंश दुधात उतरतो आणि सुईनंतर किती दिवस दूध डेअरीला घालू नये, हे दुकानात कुणी सांगत नाही.

गोठा कोरडा ठेवला, खुरे वेळेवर साळली, डॉक्टरांच्या सल्ल्याने ५ टक्के मोरचुदाच्या पाण्यातून जनावरे चालवली तर बरीच दुखणी टळतात. तरीही चिघळलेल्या जखमेवर कोणते औषध लागू पडेल, हे तपासून घेण्याची सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत व्हावी. आणि माहितीपत्रके कन्नडबरोबर मराठीतही द्यावीत. इथे धारा काढण्यापासून शेणकुरापर्यंत गोठा बायकाच सांभाळतात, त्यांतल्या अनेकींना मराठीच वाचता येते.

– एक दूध उत्पादक, खानापूर तालुका