पद्मास पत्र, चिंचोक्यांच्या जुन्या हिशेबासह

सोलापूर,
दि. ९ ऑगस्ट

प्रिय पद्मा,
सप्रेम नमस्कार.

चार महिने तुला उत्तर पाठवले नाही, तेव्हा रागावण्याचा तुझा हक्क मान्य आहे. प्रकृती ठीक, गुडघे कुरकुरतात तेवढेच. आज लिहिते आहे ते माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीबद्दल, जी इथे कोणाला सांगितली तर हसण्यावारी नेतील.

जूनमध्ये आमच्या बालवाडीत चार वर्षांचा एक मुलगा आला. आईवडील तेलंगणातून बांधकामावर आलेले. पहिल्या दिवशी तो खेळण्यात रमलेला पाहून मी आईला गुपचूप निघून जायची खूण केली. आपल्याकडची ही जुनीच युक्ती. दुसऱ्या दिवसापासून तो खेळण्यांकडे फिरकेना. दाराची चौकट धरून "अम्मा एप्पुडु वस्तुंदि?", आई कधी येणार, एवढेच विचारत राही. मला ते कळत नव्हते असे म्हणायची सोय नाही, कारण इथल्या पूर्व भागात, तुमच्या तेलुगू घरातल्या मागांच्या खडखडाटात आणि तुझ्या अम्मांच्या हातचे खात मी वाढले. तरीही, सतत मराठी कानावर पडले की ती लवकर येईल या खात्रीने, मी दर वेळी मराठीतच उत्तर दिले आणि वर त्याच्या आईला बजावले, "घरीही मराठीच बोला."

त्या बाईने ते तंतोतंत पाळले. तिला मराठी येते ती बाजारापुरती आणि मुकादमापुरती. त्यामुळे घरात 'जेव', 'झोप', 'चल' एवढेच शब्द उरले, आणि गोष्टी, लाड, रागावणे सगळे बंद पडले. हे मला परवा तिच्याच तोंडून कळले. नवी भाषा ऐकताना मुले काही आठवडे, कधी काही महिनेही गप्प राहतात, हे मला ठाऊक आहे; पण हा मुलगा दोन्ही भाषांत गप्प झाला आहे, आणि त्याचीच मला धास्ती वाटते.

तुझ्या अम्मांनाही आपल्या शाळेतल्या बाईंनी हेच सांगितले होते ना? आणि दर तेलुगू शब्दामागे एक चिंचोका दंड वसूल करणारी मॉनिटर मीच होते. (ते चिंचोके मी परत केले होते, हे माझे म्हणणे कायम आहे.) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे बालवाडी थेट आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली, हे मी नव्या सेविकांना दर वर्षी सांगते, आणि माझ्या अंगणात आलेल्या मुलाला मात्र त्याची बोली दाराबाहेर ठेवायला लावते.

लेकीला बर्लिनच्या बालवाडीत घालताना पहिले तीन दिवस तू तिच्याजवळ बसून होतीस आणि चौथ्या दिवशी सांगून, थोड्याच वेळापुरती बाहेर गेलीस, असे तू लिहिले होतेस. तेव्हा मी जर्मनांच्या रिकामपणाची थट्टा केली होती. इथे एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. तरी आता त्याची आई कामाआधी अर्धा तास बसते आणि त्याला सांगून जाते. तो रडतो, पण चौकट सोडून आत येतो.

तुझ्या बढतीबद्दल अभिनंदन, लेकीला आशीर्वाद. शेंगाचटणी पाठवते आहे.

'पुन्हा त्याच्याशी तेलुगूतच बोला, चूक माझी होती' हे त्या बाईला सांगायचे आहे. माझी तेलुगू स्वयंपाकघराच्या पुढे जात नाही, म्हणून ते वाक्य नीट लिहून पाठव. हवे तर दर शब्दामागे एक चिंचोका लाव.

तुझीच,
सुनंदा