विषय: ट्रेलरची सुरक्षा साखळी. तंबूची चेन नव्हे.

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवरून मला कळवण्यात आलं की माझी तक्रार 'समाधानकारकरीत्या बंद' झाली आहे. समाधान कोणाचं झालं हे विचारायच्या आत फोन ठेवला गेला. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. कॅरॅव्हॅन ट्रेलर तुम्हीच बनवता, तेव्हा सुरक्षा साखळ्या कशासाठी असतात हे तुम्हाला सांगावं लागणार नाही, अशी निदान अपेक्षा आहे.

भंडारदऱ्याहून परत येताना घोटीच्या अलीकडे मागच्या टेम्पोवाल्याने दिवे मारून मला थांबवलं. "काका, खालून ठिणग्या उडतायत." उतरून पाहिलं तर दोन्ही साखळ्या रस्त्याला घासत होत्या आणि एकीच्या दोन कड्या निम्म्या झिजलेल्या. ट्रेलर तेव्हा आठ महिन्यांचा होता. वळणावर ताण येऊ नये इतकी ढील हवी, पण साखळी जमिनीला टेकायला नको. एवढं मोजमाप तुमच्या कारखान्यात कोणी घेतलं नाही.

साखळ्या बदलायला ट्रेलर तुमच्या अंबडच्या सर्व्हिस सेंटरला दिला. तिथे जे 'बदलून' मिळालं ते असं: हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते तशी साखळी, एकाही कडीवर ताकदीच्या ग्रेडचा शिक्का नाही. दोन्ही साखळ्या एकाच बोल्टात ओवलेल्या. नट ढिला होऊ नये म्हणून नट आणि पहिल्या कड्या, सगळ्यावर वेल्डिंगचा टाका! पाणी दिलेल्या साखळीला वेल्डिंग केलं की तिचं पाणी उतरतं, हे सातपूर-अंबडमधला कुठलाही फिटर सांगेल. मी स्वतः तिथे एकतीस वर्षं काढली आहेत. हूक उघडे, सटकू नये म्हणून असते ती पट्टीसुद्धा नाही. लांबी पुन्हा तेवढीच. आणि जोडून देताना साखळ्या सरळ लावल्या. मी म्हटलं, फुली करा, ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखालून उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे. म्हणजे कपलर, गाडीला ट्रेलर जोडणारा सांधा, सुटलाच तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. उत्तर मिळालं, "काका, कपलर सुटतच नाही."

सुटला. नवव्या दिवशी, पाथर्डी फाट्याजवळच्या गतिरोधकावर. वेग दहा-पंधराचा असेल. दांडा रस्त्यावर आपटला, एक हूक उसळून निघाला आणि ट्रेलर उरलेल्या एका साखळीवर तिरपा ओढला गेला. मागे शाळेची व्हॅन होती. व्हॅनवाला लांबून येत होता, म्हणून वाचलो. हेच कसारा घाट उतरताना झालं असतं तर हे पत्र दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं. कपलरची पिन मी स्वतः लावली होती. पण समजा, चूक माझीच धरा. माणूस चुकतो म्हणूनच साखळी असते ना?

आता मी तक्रार करायला केलेला तो पहिला फोन. अठरा मिनिटं संगीत ऐकवल्यावर तुमचे प्रतिनिधी बोलले. मी म्हटलं, ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्या चुकीच्या बसवल्यात. "साखळी म्हणजे चेन ना सर?" हो, चेन. "कुठल्या बाइकची सर?" बाइक नाही, ट्रेलर. गाडीच्या मागे ओढतात तो. "ओके सर. चेन लागत नाहीये की उघडत नाहीये?" मला वाटलं ते हुकाबद्दल विचारतायत, म्हणून मी प्रामाणिकपणे सांगितलं की उसळून उघडली. "सर, सावकाश ओढायची. मेण लावून बघितलं का?" मी गप्प झालो. माझ्या लक्षात आलं की हे गृहस्थ ट्रेलरच्या बाजूच्या तंबूच्या चेनबद्दल बोलत आहेत. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: लोखंडी साखळी, साडेसातशे किलोचा ट्रेलर, गतिरोधक, शाळेची व्हॅन. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "समजलं सर. चेनवर जास्त वजन टाकू नका."

चार दिवसांनी कुरिअर आलं. आत चेनचा एक रनर आणि मेणाची छोटी डबी. आणि आजचा फोन: "सर, चेन डिलिव्हर झाली आहे, म्हणून तक्रार बंद केली."

तोपर्यंत मी वाट पाहत बसलो नव्हतो. सातपूरच्या लिफ्टिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातून ग्रेड 80 ची 6 मि.मी. साखळी घेतली. तिच्यावर शिक्का आहे आणि तिची उचलायची क्षमता 1.12 टन, म्हणजे एकटी साखळीही पूर्ण ट्रेलर पेलेल. टनाचा आकडा कोरलेले दोन शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारे कडे, घेतले. प्रत्येक साखळीला स्वतंत्र 8.8 ग्रेडचा बोल्ट, वॉशर आणि आपोआप ढिला न होणारा नायलॉक नट. पुन्हा लिहितो: प्रत्येक साखळीला स्वतंत्र बोल्ट. एकाच बोल्टावर दोन साखळ्या म्हणजे एकच साखळी, हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायचं?

या सामानाचं आणि दांडा सरळ करून घेतल्याचं बिल सोबत आहे. ते भरून द्या. अंबडला याच पद्धतीने साखळ्या बसवून गेलेले बाकीचे ट्रेलर परत बोलवा, कारण माझ्या एकट्याच्याच ट्रेलरवर त्यांनी हा टाका मारला असेल असं मला वाटत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तो वेल्ड केलेला बोल्ट मी कापून जपून ठेवला आहे. टेबलावर ठेवला की काही बोलावं लागणार नाही.

वाईट याचं वाटतं की तुमचा ट्रेलर घ्यायला माझ्या दोन मित्रांना मीच भरीला घातलं होतं. काल त्यांच्याकडे जाऊन ट्रेलरखाली आडवा होऊन पाहिलं. एकाच बोल्टात दोन साखळ्या.

आपला ग्राहक,
नाशिक

ता.क. रनर परत पाठवत आहे. तो पाच नंबरचा आहे. तंबूची चेन आठ नंबरची.