मीटर कोणाचा लावलाय ते आधी सांगा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे जावई एका गृहस्थांना घेऊन आले, हातात लॅपटॉप, गळ्यात कंपनीचं कार्ड, म्हणाले सगळ्यांनी फक्त पाच मिनिटं द्या. पाच मिनिटांचा झाला सव्वा तास. विषय कोल्ड फ्यूजन. म्हणजे सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू जोडले जाऊन ऊर्जा निघते तेच टेबलावरच्या भांड्यात, साध्या टेंपरेचरला, ना धूर ना रेडिएशन, पुढे लाइट बिल जवळजवळ झिरो, आणि आत्ता जो पैसे टाकेल त्याची नातवंडं बसून खातील. किमान पाच लाख. आमच्याकडे निम्मी माणसं रिटायर्ड, पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत पडलेले, एफडीच्या व्याजावरून रोज कुरकुर, त्यामुळे डोळे चमकले हो सगळ्यांचे, खोटं कशाला बोलू, माझेपण.

मी काही शास्त्रज्ञ नाही. कुर्ल्याला एका गाळ्यात ३२ वर्षं इलेक्ट्रोप्लेटिंग केलं, म्हणजे विजेने धातूचा मुलामा, निकेल, झिंक, थोडं क्रोम. पण स्क्रीनवर भांडं, पाणी, दोन इलेक्ट्रोड आणि डीसी करंट असं चित्र आलं तेव्हा म्हटलं अरे हा तर आपलाच धंदा. मग घरी येऊन आठवडाभर मिळेल ते वाचलं, मुलीकडून समजून घेतलं (ती केमिस्ट्री शिकवते), आणि आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

मूळ प्रकरण १९८९ चं. २३ मार्चला अमेरिकेत युटा युनिव्हर्सिटीत मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली आणि सांगितलं की जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार, ड्युटेरियम, असतो) पॅलेडियम धातूचा इलेक्ट्रोड ठेवून करंट सोडला तर घातली त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर येते, आणि हे फ्यूजन आहे. फ्लाइशमन कोणी ऐरागैरा नव्हता, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलं मोठं नाव, रॉयल सोसायटीचा फेलो. जड पाणीही काही जादूचं नाही, आपल्या अलिबागजवळ थळला त्याचा सरकारी कारखाना आहे. आणि पॅलेडियम स्वतःच्या आकाराच्या ९०० पट हायड्रोजन पितं हेही खरं. धातूत हायड्रोजन घुसतो हे आम्हा प्लेटिंगवाल्यांना कोणी शिकवायला नको, स्प्रिंगला झिंक चढवल्यावर चार तासांच्या आत ओव्हनमध्ये २०० डिग्रीच्या आसपास भाजून तो हायड्रोजन काढला नाही तर स्प्रिंग गिऱ्हाइकाच्या हातात तट्‌कन तुटते. एकदा आमच्या पोऱ्याने रात्री भाजायचं सकाळवर ढकललं आणि अख्खा लॉट परत आला. तर त्या दोघांनी काहीतरी वेड्यासारखं केलं असं मला तरी वाटत नाही.

अडचण पुढे आहे. जड पाण्यातल्या ड्युटेरियमचं फ्यूजन झालं तर निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि निम्म्या वेळा ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तयार होतं, हे भौतिकशास्त्रात पक्कं माहीत आहे. मुलीने कागदावर हिशोब करून दाखवला, एक वॅट उष्णतेसाठी सेकंदाला साधारण एक लाख कोटी न्यूट्रॉन. म्हणजे ते म्हणत होते तेवढी गरमी खरंच तशा फ्यूजनची असती तर भांड्याजवळ उभा असलेला माणूस जिवंत राहिला नसता, आणि इथे सगळे ठणठणीत. मग उष्णता मोजण्यातच घोळ झाला का यावर सगळे आले. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या लोकांनी विचारलं की भांड्यातलं पाणी नीट ढवळलं होतं का? मला हसूच आलं, कारण आमच्या निकेलच्या टाकीत हवा सोडायचा पाइप बंद पडला की वर एक टेंपरेचर आणि कोपऱ्यात भलतंच, थर्मामीटर कुठे बुडवला त्यावर उत्तर बदलतं. शिवाय पाणी फुटून निघालेले हायड्रोजन-ऑक्सिजन आतल्या आत परत एकत्र आले तर तीही उष्णता हिशोबात घुसते. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने कमिटी नेमली, तिला पुरावा पटला नाही. २००४ मध्ये परत एकदा बघितलं, मत साधारण तेच.

हे मी गच्चीवरच बोलायला लागलो तर आमच्यातले एक काका उठले, ते आयुष्यभर ट्रॉम्बेला होते. म्हणाले, तुम्हाला काय माहीत, आपल्या बीएआरसीत (ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र) १९८९ मध्येच न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मिळाल्याचं सांगितलं होतं, एका नाही, वेगवेगळ्या ग्रुपनी. आणि हे खरंच आहे, पी. के. अय्यंगार तेव्हा बीएआरसीचे डायरेक्टर होते, ते पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, त्यांनी स्वतः यात रस घेतला होता. काकांचं म्हणणं, गोऱ्यांनी दाबलं म्हणून आपणही सोडून दिलं. दुसऱ्या बाजूने एक निवृत्त प्रोफेसर ओरडले, सगळा फ्रॉड आहे, यावर बोलणंसुद्धा गुन्हा. दोघं भिडले, पाहुणे मजेत बघत होते, कारण भांडण त्यांच्या फायद्याचंच, आणि तेवढ्यात दूध खाली लागलं.

माझं म्हणाल तर दोघांचंही पटलं नाही. गुन्हा कसला? गूगलने २०१५ पासून काही वर्षं तीसेक संशोधकांना पैसे देऊन हेच सगळं नव्याने करून बघितलं, २०१९ मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात छापलं की कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही, पण हायड्रोजन धातूत भरायच्या आणि उष्णता मोजायच्या पद्धती सुधारल्या. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी एजन्सीनेही आठ ग्रुपना मिळून १ कोटी डॉलर दिले, कशासाठी तर काय ते एकदाचं नीट तपासा. असं असेल तर माझा टॅक्स खुशाल वापरा, आपल्याकडेही द्या कोणाला तरी, काकांना आनंद होईल. पण तो पैसा उत्तर शोधायला दिलेला, उत्तर 'नाही' आलं तरी वसूल. आमचा पाच लाख 'नाही' आलं की गेला. आणि ज्यांच्याकडे पैसा होता तेही हात पोळून बसलेत, युटा राज्याने ५० लाख डॉलर मंजूर केले, त्यातून निघालेली संस्था १९९१ मध्ये बंद, टोयोटाच्या पैशावर फ्रान्समध्ये लॅब चालली, पॉन्स स्वतः तिथे होता, तीही १९९८ मध्ये गुंडाळली, जपान सरकारनेही नव्वदच्या दशकातच हात काढून घेतला.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एक सेल्समन घरी आला, लाइट बिल ३० टक्के कमी करणारा डबा घेऊन. त्याने फ्रिज आणि जुना पंखा चालू ठेवून वायरला क्लॅम्प मीटर लावला, डबा प्लगमध्ये घातला आणि माझ्या डोळ्यांसमोर अँपिअर खाली आले. मी, ३२ वर्षं रेक्टिफायरसमोर उभा राहिलेला माणूस, साडेतीन हजार मोजले. बिल एक रुपयाने कमी झालं नाही. आत कपॅसिटर होता, अँपिअर खरंच उतरतात, पण घरचा मीटर अँपिअर मोजत नाही, युनिट मोजतो, आणि युनिट तेवढेच. आकडा खरा होता, फक्त चुकीच्या गोष्टीचा होता. बायको अजून पाहुण्यांना तो डबा दाखवते.

तेव्हापासून मी एकच विचारतो, मीटर कोणाचा. इटलीच्या आंद्रेया रॉसीने २०११ मध्ये बोलोन्याला ई-कॅट नावाचं असंच यंत्र दाखवलं, एका अमेरिकन कंपनीने त्याला १ कोटी १५ लाख डॉलर दिले, फ्लोरिडात एक मेगावॅटच्या प्लांटची वर्षभर टेस्ट झाली, आणि मग दोघं कोर्टात. तो म्हणतो उरलेले ८ कोटी ९० लाख द्या, कंपनी म्हणते मोजमापच चुकीचं आणि वाफ घेणारं गिऱ्हाईकही खरं नाही. २०१७ मध्ये तडजोड झाली, त्यामुळे कोणाचं खरं ते शेवटपर्यंत ठरलंच नाही. एवढ्या पैशात मोजमाप दोघांनी मिळून केलं असतं तर?

गच्चीवर मी पाहुण्यांना विचारलं, आत जाणाऱ्या विजेचा मीटर कोणी लावला? म्हणाले आमच्याच इंजिनिअरने. बाहेरच्या कुठल्या लॅबमध्ये चाललंय का? म्हणाले पेटंट आहे, आत्ता सांगता येणार नाही. शेअर कसे देणार? प्रायव्हेट प्लेसमेंट, म्हणजे बाजारात न आणता निवडक लोकांनाच. आता माझा सीए म्हणतो की कायद्याने ते वर्षाला २०० जणांपर्यंतच आणि जाहिरात करायची मनाई, मग गच्चीवर चाळीस घरांसमोर लॅपटॉप उघडणं कशात बसतं ते त्यांनाच माहीत. तरी आमच्या इमारतीतल्या दोघांनी फॉर्म नेलेत, एकाच्या मुलीचं लग्न माघात आहे.

तर संपादक साहेब, हे छापलंत तर त्या गृहस्थांच्या वाचनात येईल अशी आशा आहे. माझ्याकडे गाळ्यातला चांगला एनर्जी मीटर आहे, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसकट. शनिवार-रविवार मी मोकळा असतो. तुमचं यंत्र जिथे असेल तिथे येतो, वायर मी जोडणार, सील मी लावणार, चोवीस तास बसून राहीन, जेवणाचा डबा घरून आणेन. रिक्षाभाडंही माझं.

आपला,
एक जुना प्लेटिंगवाला, मुलुंड (पूर्व)